बत्तिसावं नाव

दगडावरचं अक्षर झिजलं की ते नव्याने खोदायचं नसतं, जुनंच पुन्हा उघडायचं असतं, हे मला भाऊजींनी पहिल्याच वर्षी शिकवलं. आधी चरीत साचलेलं मीठ, शेवाळ आणि काजळी ओल्या कुंचल्याने काढायची, मग डोळे मिटून बोटाचं टोक तिच्यातून हळूहळू फिरवायचं, म्हणजे ज्याने ते अक्षर पहिल्यांदा खोदलं त्या माणसाचा हात कळतो. टाकी कुठून लावली, किती तिरपी धरली, कुठे थांबला, कुठे दमला, सगळं. तो हात ओळखीचा झाल्याशिवाय आपली टाकी लावायची नाही. घाव पडायचा तो जुन्या घावावरच. केसभर इकडेतिकडे झालं तर अक्षराला दुसरी कड फुटते आणि मग ते दोघांपैकी कुणाचंच राहत नाही. दुसरा नियम असा, की नाव ज्या हाताने सुरू केलं त्याच हाताने, एकाच बैठकीत संपवायचं. अर्धं नाव दगडावर टाकून पाथरवट जेवायलासुद्धा उठत नाही.

भाऊजी म्हणजे माझ्या ताईचे यजमान. वडील गेले तेव्हा मी सातवीत होतो. भाऊजी आईला म्हणाले, "ह्याला माझ्याकडे पाठवा, ह्याचा हात चांगला आहे." शाळा सुटली. मला त्याचं वाईट वाटलं नाही, खरंच वाटलं नाही. वर्गात उभं केलं की माझ्या घशातून आवाज फुटत नसे आणि पोरं हसत. दगड हसत नाही. भाऊजी मला 'पंडित' म्हणत. गिऱ्हाईक आलं की त्याच्यासमोर मला पुढे ढकलून सांगत, "आमचा पंडित सातवीतून पळाला, पण अक्षर कुठल्याही भाषेतलं द्या, खोदून देईल. वाचता येत नाही तेच बरं, चुका काढत बसत नाही." गिऱ्हाईक हसे, भाऊजी हसत, मीही हसे. एकदा ताईने मला स्वयंपाकघरात विचारलं होतं, "तुला कधी रागच येत नाही का रे?" मी विचार करून पाहिला. येत नाही, असं तिला सांगितलं.

बंदराच्या धक्क्याच्या टोकाला खलाशांचं स्मारक आहे. मोठ्या लढाईच्या दिवसांत कुठल्या तरी दूरच्या देशाचं व्यापारी जहाज पाणबुडीने गावाच्या डोळ्यांदेखत बुडवलं, त्यातल्या मेलेल्यांची नावं त्या काळ्या दगडावर त्यांच्याच लिपीत आहेत. ओळीखाली ओळ, अशी बत्तीस नावं. ती लिपी गावात कुणालाही येत नाही. समुद्राने अक्षरं पार खाल्ली होती, आणि यंदा त्या देशाचे लोक जहाज घेऊन मानवंदनेला येणार होते, म्हणून बंदराच्या कचेरीने काम आमच्याकडे दिलं. कडेची वेलपत्ती आणि आपल्या लिपीतला मजकूर भाऊजींनी घेतला, नावं माझ्याकडे आली. काम चोख झालं तर समारंभात कारागीर म्हणून भाऊजींचं नाव पुकारणार होते. ताईने त्या दिवसासाठी नवी साडी काढून ठेवली होती.

एकतीस नावं मी तीन आठवड्यांत उघडली. मला इतकं सुख कुठल्याच कामात मिळालं नव्हतं. ज्याने ती पहिल्यांदा खोदली त्याचा हात फार मऊ होता. काही नावांवर तो रेंगाळला होता, शेवटची रेघ उगाच लांबवली होती, निरोप देताना हात सोडवत नाही तशी. वाचता येत नव्हतं तरी मला वाटे, ह्यातला प्रत्येक जण त्याच्या ओळखीचा होता.

बत्तिसावं नाव अगदी तळाशी, पायथ्याच्या दगडाला लागून होतं. तिथे बसता येत नाही, पोटावर पालथं पडावं लागतं, आणि भरती आली की लाटेचं पाणी थेट तोंडावर येतं. मी ते कुंचल्याने धुतलं, डोळे मिटले आणि बोट लावलं, आणि काढून घेतलं.

हात तोच होता, यात शंका नाही. पण इथे त्याने खोदलं नव्हतं, मारलं होतं. एका रेघेला आम्ही टाकीचे शंभर-दीडशे ठोके देतो आणि ते बोटाला बारीक पायऱ्यांसारखे लागतात. इथे पायऱ्याच नव्हत्या. काळ्या दगडात असं होऊ शकत नाही हे मला माहीत आहे, तरीही प्रत्येक रेघ एकाच घावाची होती, बोटाचं पेर बुडेल इतकी खोल. आणि उतार उलटा होता. वरची एकतीस नावं त्याने उजव्या हातात हातोडी धरून खोदली होती, हे एक डाव्या.

घाव जुन्या घावावरच पडायला हवा. मी टाकी उजव्या हातात घेतली, हातोडी डाव्या. डाव्या हाताने मी कधी पेलासुद्धा उचललेला नाही, पण पहिला ठोका पडला तो बरोबर जागेवर. सबंध हात खांद्यापर्यंत गरम झाला. दुसरा ठोका द्यायची मला घाई झाली, असं आयुष्यात पहिल्यांदा झालं.

चार रेघा झाल्या आणि भरती आली. अर्धं नाव टाकून मी पहिल्यांदाच उठलो, भिजलेला, तेव्हा पायथ्याशी एक पांढरा समुद्रपक्षी पडलेला दिसला. डोकं चिरडलेलं, एक पंख अजून हलत होता. कुणीतरी दगड मारला असेल. मी त्याला पाण्यात सोडलं. हातोडीच्या तोंडाला एक पीस चिकटलं होतं, ते पुसून काढलं आणि हत्यारं ठेवायला आमच्या कारखान्यात गेलो. भाऊजी तिथे एकटेच वेलपत्तीचे कागद घेऊन बसले होते. मी हत्यारं ठेवली, हात धुतले. घरी पोचलो तेव्हा ताई म्हणाली, "दोनदा गरम केला चहा. हात धुवायला एवढा वेळ?"

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने मला मागच्या खोलीत बोलावलं. भाऊजी पालथे पडले होते आणि ती त्यांची पाठ शेकत होती. पाठीवर चार वळ होते, बोटाएवढे जाड, मधोमध काळेनिळे आणि कडेला कातडी फाटलेली.

"शिडीवरून पडले म्हणतात," ताई म्हणाली. "शिडीला चार हात असतात का रे?"

"अगं, टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही," भाऊजी उशीत तोंड खुपसून म्हणाले. "आता उद्या मला शेंदूर फास."

ताई हसली नाही. मी हसलो, कारण भाऊजींच्या विनोदाला मी नेहमीच हसतो. त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा उशीत तोंड खुपसलं.

त्या दिवशी ओहोटी जास्त वेळ टिकली. मी पाच रेघा उघडल्या. हातोडी आता डाव्या हातातून उजवीकडे जायला तयारच नव्हती. प्रत्येक घावाबरोबर दगडातून एक आवाज येई, ओल्या लाकडावर कुऱ्हाड बसावी तसा, आणि तो आवाज आला की माझ्या तोंडाला पाणी सुटे. हे सांगायला मला लाज वाटते, पण झालं ते तसंच झालं. संध्याकाळी कारखान्यात हत्यारं ठेवली, हात धुतले, घरी आलो. दिवे लागले होते.

भाऊजी माझ्यामागून तासाभराने आले. ओठ फाटला होता, एक डोळा मिटला होता, डावा हात त्यांनी पोटाशी धरला होता. ताईने त्यांचा सदरा कात्रीने कापून काढला, कारण तो रक्ताने पाठीला चिकटला होता. मी दिवा धरून उभा होतो. नवे वळ मी मोजले नाहीत. ताईने मोजले.

"पाच," ती म्हणाली. "काल चार, आज पाच. पाढे म्हणतोय का कुणी तुमच्या अंगावर? कोण आहे तो, नाव सांगा. मी पोलिसात जाते."

"गप्प बस," भाऊजी म्हणाले. ते तिच्यावर कधी ओरडत नसत. मग हळूच म्हणाले, "दिवा खाली ठेवायला सांग त्याला. हात भरून येईल."

मी खाली पाहिलं. दिवा माझ्या डाव्या हातात होता.

तिसऱ्या दिवशी सहा. त्या रात्री भाऊजींना ताप चढला, तोंडातून दोन दात आले, बरगड्यांपाशी हात लावू देईनात. डॉक्टर येऊन गेले आणि जाताना ताईला बाहेर नेऊन म्हणाले, की मारणारा डावखुरा आहे आणि मारताना घाईत नाही. ताई उंबऱ्यावर बसून रडली. मी तिच्याजवळ बसलो. तिने माझ्या खांद्यावर डोकं टेकलं. "तू आहेस म्हणून बरं," ती म्हणाली. "उद्यापासून तू त्यांना एकटं सोडू नकोस." मी कबूल केलं. आणि कबूल करताना मला भीती वाटली, कशाची ते कळलं नाही.

चौथ्या दिवशी समुद्र खवळलेला होता, दगडाशी पालथं पडणं शक्य नव्हतं. मी स्मारकाच्या राखणदारापाशी जाऊन बसलो. ते पूर्वी बंदराच्या दिव्यावर होते, म्हणून सगळे त्यांना दिवेकाका म्हणत. डोळे अधू झालेत, पण गप्पांना बसले की भरती-ओहोटी दोन्ही होऊन जाते. मी सहसा काही विचारत नाही. त्या दिवशी विचारलं, "काका, ही नावं कुणी खोदली?"

"वाचलेल्याने. सगळ्या जहाजातला तो एकच वाचला. मी आठ वर्षांचा होतो. पाण्यावर तेल पसरून समुद्र पेटला होता, बाबा. माणसं पेटलेल्या पाण्यातून वर यायची, श्वास घ्यायला तोंड उघडायची आणि आत जाळ जायचा. जी त्यातून सुटली ती ह्या खडकांवर आपटली. गाव दोर घेऊन धावलं. तुझ्या भाऊजींचे आजोबाही धावले. ते दोर न घेता हातोडी घेऊन गेले."

"हातोडी कशाला?"

"बोट सुजलं की अंगठी निघत नाही. हातोडी असली की निघते." दिवेकाकांनी आवाज खाली आणला. "माझे वडील म्हणायचे, त्यातला एक जण ओरडला. म्हणजे जिवंत होता. मग आजोबांनी त्याला ओरडू दिलं नाही. आणि दहा हातांवर कपारीत तो वाचलेला अडकून पडला होता, उघड्या डोळ्यांनी. पुढे त्यालाच आजोबांनी कामाला ठेवला. चार वर्षं राबला बिचारा तुमच्या कारखान्यात. तोंडातून शब्द नाही. आजोबा त्याची टिंगल करायचे, तो हसायचा. अगदी तुझ्यासारखा, बघ."

"मग?"

"मग स्मारक झालं, नावं त्याने खोदली आणि ज्या दिवशी संपवली त्या दिवशी नाहीसा झाला. त्याच दिवशी आजोबा कारखान्यात सापडले. एकोणीस घाव. चेहरा ओळखू येत नव्हता म्हणतात." काकांनी टेकडीकडे हात केला. "गंमत सांगू? वर थडगी एकतीस आहेत. मेले एकतीसच. खाली नावं बत्तीस. पण वाचता कुणाला येतंय?"

ओहोटी लागल्यावर मी खाली गेलो आणि पालथा पडून बत्तिसाव्या नावाच्या रेघा बोटाने मोजल्या. उघडलेल्या पंधरा. राहिलेल्या चार.

डावा हात आपोआप हातोडीकडे गेला. मी तो उजव्या हाताने धरला. दोन अनोळखी माणसं भांडावीत तसे माझे हात भांडले, मनगटाला ओरखडे आले, नखातून रक्त आलं, आणि शेवटी मी सगळी हत्यारं पिशवीत कोंबून दिवेकाकांच्या खोलीत नेऊन टाकली. "समारंभ होईपर्यंत ही कुणाला देऊ नका," मी म्हणालो. "मी मागितली तरी देऊ नका."

"बरं," ते म्हणाले. "आज फार बोललास."

भाऊजी ताप अंगावर घेऊन कारखान्यात आले होते. मी दारातून आत शिरलो तसे ते उठले आणि घडाईच्या दगडी ओट्याच्या पलीकडे जाऊन उभे राहिले. इतक्या वर्षांत ते माझ्याकडे पाठ करून निर्धास्त काम करत आले होते.

"भाऊजी, शेवटचं नाव तसंच राहू द्या. माझ्याने पुरं होणार नाही."

"अर्धं ठेवू?" ते हसायला गेले, फाटलेल्या ओठामुळे जमलं नाही. "आमच्या घराण्यात अर्धं नाव कुणी ठेवलेलं नाही, पंडित."

"ठेवा. तुमच्या पाया पडतो."

 ते ओट्यावरची धूळ बोटाने एका बाजूला सारत म्हणाले, "तुला शिकायचं होतं. तुझे मास्तर माझ्याकडे दोनदा आले होते, पोराला परत पाठवा म्हणून. मी तुला सांगितलं नाही. मला हात हवा होता." त्यांचा आवाज बसला. "मी काही म्हणणार नाही. फक्त ताईला सांगू नकोस. तिला एकच भाऊ आहे."

काय सांगू नको, ते मला कळलं नाही. मी तिथेच उभा राहिलो. मास्तर आले होते, दोनदा आले होते, हे एवढंच माझ्या डोक्यात फिरत होतं. मला राग आला नाही. मी हात धुतले आणि घरी आलो. त्या संध्याकाळी भाऊजींच्या अंगावर नवा वळ नव्हता. ताईने मला गोड काहीतरी करून वाढलं. "तू बरोबर राहिलास म्हणून," ती म्हणाली.

दोन दिवस तसेच गेले. घरात पुन्हा बोलणं सुरू झालं. समारंभाच्या सकाळी भाऊजी लवकर उठले, दाढी केली, पांढरा सदरा घातला आणि ताईला म्हणाले, "मी कारखान्यातून कुंचला आणि पाण्याची बादली घेऊन पुढे होतो. पाहुणे यायच्या आत दगड एकदा धुवायला हवा." मी म्हणालो, शिडी मी आणतो. मी त्यांच्यामागून कारखान्यात गेलो, शिडी काढली, हात धुतले. शिडी खांद्यावर घेऊन धक्क्यावर पोचलो तेव्हा ऊन बरंच वर आलं होतं आणि लोक जमले होते.

दिवेकाका खुर्ची टाकून बसले होते. "काय रे, पहाटे पिशवी घेऊन गेलास, एक शब्द बोलला नाहीस. मी नको म्हणत होतो तर हिसकावलीस."

"मी कधी बोलतो, काका?" मी म्हणालो. त्यांना दिसत कमी. भाऊजींनी नेली असेल.

ताई नव्या साडीत पुढच्या रांगेत उभी होती. तिने शेजारची जागा धरून ठेवली होती. मी तिथे जाऊन उभा राहिलो. बिगूल वाजला. परक्या गणवेशातला एक म्हातारा अधिकारी दगडासमोर आला, टोपी काढली आणि नावं मोठ्याने वाचू लागला. आम्हाला एकही कळत नव्हतं, पण प्रत्येक नावानंतर तो थांबायचा, कुणी 'हजर' म्हणेल म्हणून थांबावं तसा, आणि लाटेचा आवाज यायचा. मी मोजत होतो. एकतिसावं झालं. त्याने खाली वाकून पाहिलं आणि त्याच्या कपाळाला आठी पडली.

मीही पाहिलं. शेवटच्या ओळीत चार रेघा नव्या उघडलेल्या होत्या, इतक्या ताज्या की त्यांच्यातली पांढरी पूड अजून वाऱ्याने उडालेली नव्हती.

मग त्याने ते नाव वाचलं. परक्या जिभेवर जरासं वाकडं झालेलं, पण आमच्या कारखान्याच्या पाटीवर तीन पिढ्या आहे तेच आडनाव.

ताईचा चेहरा खुलला. तिने टाचा उंच करून गर्दीत मागे पाहिलं.

"अरे, ह्यांना पुकारतायत," ती मला कोपर मारत म्हणाली. "हे कुठे राहिले?"

मी डावा हात खिशात घातला.